बँडवर वाजणारे एका मास्तरांचे नाव : अँथनी गोन्साल्विस आणि आपल्या भागातले बाजेवाले

पांढुर्णा-सौंसर भागात लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतो. या दिवसांत नवरदेवाच्या वरातीपुढे जो बँड वाजतो, त्याच्या यादीत काही गाणी वर्षानुवर्षे हललेली नाहीत. नवीन सिनेमे येतात, त्यांची गाणी दोन हंगाम वाजतात आणि जातात. जुनी मात्र टिकून आहेत. ‘अमर अकबर अँथनी’मधले ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे त्यांतलेच एक. ट्रम्पेटवर त्याची पहिली ओळ निघाली की वरातीतली पोरं ते नाव आपणहून ओरडतात. बँडला शब्द नसतात. नाव लोक पुरवतात.

हे नाव एका खऱ्या माणसाचे आहे आणि तो माणूस संगीतशिक्षक होता, हे मात्र त्या वरातीत फार थोड्यांना माहीत असते. शिष्याने आपल्या गुरूसाठी ठेवलेली ही आठवण आहे. अमेरिकेतल्या शाळांमध्ये बँडशिक्षक निवृत्त झाला किंवा वारला की त्याच्या नावाने बँडसाठी खास रचना लिहवून घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तशी पद्धत नाही. आपल्याकडे गायक गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो आणि पुढे गातो. पण ठरवून केलेली नसली तरी आपल्याकडेही तशी एक रचना आहे, आणि ती आपल्या रस्त्यांवर वाजते, असे माझे म्हणणे आहे. या लेखात आधी त्या मास्तरांची गोष्ट सांगतो, मग ते गाणे आपल्या बँडवर कसे चढते ते सांगतो, आणि शेवटी आपल्या मंडळाने यातून काय घ्यावे ते.

नाव आले कसे

‘अमर अकबर अँथनी’ हा मनमोहन देसाईंचा सिनेमा १९७७ साली आला. गीते आनंद बक्षी यांची, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. अमिताभ बच्चनच्या पात्राचे नाव सुरुवातीला अँथनी फर्नांडिस असे ठरले होते. गाण्याचा विषय निघाला तेव्हा ते नाव लोकांच्या तोंडी बसणार नाही असे संगीतकारांना आणि गीतकाराला वाटले. प्यारेलालना आपले व्हायोलिनचे गुरू आठवले, त्यांनी गोन्साल्विस हे आडनाव सुचवले आणि पात्राचेच आडनाव बदलले. किशोरकुमारने गाणे गायले, मधले इंग्रजी बोल अमिताभने म्हटले. पडद्यावर ईस्टरच्या मेजवानीत एका भल्यामोठ्या अंड्यातून उंच टोपी घातलेला नायक बाहेर येतो आणि आपले नाव सांगतो.

लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल या दोघांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण बँडचा धागा त्यांच्यापाशीच सुरू होतो. लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर (१९३७-१९९८) हे मराठी घरातले, मेंडोलिन वाजवणारे. प्यारेलाल शर्मा यांचा जन्म १९४० चा. त्यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा गोरखपूरचे, मुंबईत ट्रम्पेटवादक होते आणि नोटेशन शिकवत. म्हणजे आपल्या वरातीत जे वाद्य सगळ्यांत पुढे असते तेच प्यारेलालांच्या घरात होते. लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल यांची ओळख लहानपणी मंगेशकरांच्या ‘सुरील कला केंद्र’ या मुलांच्या वाद्यवृंदात झाली. ‘पारसमणी’ (१९६३) पासून पुढे या जोडीने पाचशेच्या आसपास सिनेमांना संगीत दिले. प्यारेलाल आठ वर्षांचे असताना व्हायोलिन शिकायला लागले. दिवसाला आठ-आठ, बारा-बारा तास रियाज करायचे. शिकवणारे होते अँथनी गोन्साल्विस.

माजोर्ड्याचे मास्तर

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यात, सासष्टीतल्या माजोर्डा गावी झाला. वडील तिथल्या चर्चचे ‘मेस्त्र’ होते. मेस्त्र म्हणजे चर्चमधल्या गायनवादनाचा प्रमुख, आणि गावातल्या पोरांना संगीत शिकवणाराही तोच. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडून शाळा असत. तिथे मुलांना सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर वाचून गाणे, आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवत. गरिबाघरचा मुलगाही तिथे संगीत वाचायला आणि लिहायला शिकत असे. मेस्त्र, मास्टर आणि आपला मास्तर हे तिन्ही शब्द ‘मॅजिस्टर’ या एकाच लॅटिन शब्दावरून आलेले आहेत. तेव्हा बँडमास्तर, शाळामास्तर आणि माजोर्ड्याचा मेस्त्र हे शब्दाने तरी सख्खे भाऊ ठरतात.

त्या चर्चशाळांत शिकलेले गोंयकार कामासाठी बाहेर पडले. संस्थानांचे बँड, पोलिसांचे आणि लष्कराचे बँड, मोठ्या हॉटेलांतले जाझ वाद्यवृंद आणि मूकपटांची थिएटरे यांत त्यांना काम मिळाले. बोलपट आले तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंना कागदावरचे संगीत वाचणारी माणसे हवी होती, आणि तशी तयार माणसे मुख्यतः गोव्याची होती. अँथनी १९४३ साली नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पुढे ते ‘अरेंजर’ झाले.

अरेंजर काय करतो ते समजले तर या गोष्टीचे मर्म कळते. संगीतकार चाल करतो. बरेचदा तो ती पेटीवर गाऊन दाखवतो. ती चाल ऐकून कुठल्या वाद्याने कधी काय वाजवायचे, व्हायोलिनांनी मागे कोणते स्वर धरायचे, दोन कडव्यांच्या मध्ये काय भरायचे हे अरेंजर ठरवतो आणि प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहितो. पन्नास वादक असतील तर ज्याचा त्याचा कागद. आमच्या बांधकामाच्या भाषेत सांगायचे तर संगीतकार इमारतीची कल्पना देतो आणि अरेंजर सगळ्या मजल्यांचे नकाशे काढतो. पाटीवर नाव मात्र पहिल्याचेच लागते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, जॉनी गोम्स हे सगळे गोव्याचे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांना आपण ज्या भरीव आवाजाने ओळखतो तो बराचसा यांच्या हातचा. श्रेयनामावलीत यांची नावे क्वचित येत. पडद्यावर मात्र गोव्याचा ख्रिस्ती माणूस दिसायचा तो बहुधा दारू पिऊन झुलणारा. १९७७ सालच्या त्या गाण्यात गंमत आणि न्याय दोन्ही आहेत : पडद्यावर एक खुशालचेंडू दारूवाला नाचतोय, आणि त्याच्या तोंडी नाव आहे एका अभ्यासू संगीतकाराचे.

अँथनी बांद्र्याला राहत आणि घरी शिकवत. राहुलदेव बर्मन हेही त्यांच्या शिष्यांत मोजले जातात.

तोडीत कॉर्ड कसा बसवायचा

स्टुडिओचे काम हे पोटापाण्याचे. अँथनी यांचा ध्यास वेगळा होता. हिंदुस्तानी राग आणि पाश्चात्य सिंफनी वाद्यवृंद यांची सांधेजोड करायची असे त्यांनी मनावर घेतले होते. ‘सोनाटिना इंडियाना’, सारंग रागातला कन्चेर्टो, तोडी थाटातला व्हायोलिन आणि वाद्यवृंदाचा कन्चेर्टो अशा रचना त्यांनी १९५० च्या दशकात लिहिल्या. एप्रिल १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी आपल्या ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ची मैफल केली. एकशेदहा वादक होते, आणि गाणारे होते लता मंगेशकर आणि मन्ना डे.

हे काम अवघड का, ते जरा उलगडून सांगतो. गाण्यातले शास्त्र मी पुस्तकांतून आणि पेटीवर बोटे ठेवून शिकलो, तेव्हा जाणकारांनी सबुरीने घ्यावे.

आपला राग एकेक स्वर करून पुढे सरकतो. पाश्चात्य हार्मनीत एकाच वेळी तीन-चार स्वर उभे राहतात, त्याला कॉर्ड म्हणतात. सर्वांत साधा कॉर्ड सा-ग-प. ग शुद्ध असेल तर तो मेजर, कोमल असेल तर मायनर. आता सारंग घ्या. वृंदावनी सारंगात ग नाही आणि धही नाही. म्हणजे षड्जावर घराचा पहिला कॉर्डच पुरा होत नाही. मेजरही नाही, मायनरही नाही. ग घातला तर कॉर्ड होतो, पण सारंग जातो.

तोडीत अडचण दुसरीच. तोडीत रे, ग, ध कोमल आणि म तीव्र. सा-ग-प होतो, तो मायनर. पण हार्मनीत घरी परत आणणारा जो कॉर्ड असतो तो प-नी-रे, आणि त्याला रे लागतो शुद्ध. तोडीत शुद्ध रे चालत नाही. कोमल रे घातला की तो कॉर्ड वाकडा होतो आणि घरी आणण्याचे त्याचे काम बिघडते. म्हणजे दोन व्यवस्थांचे नियम एकमेकांना जिथे छेदतात, नेमक्या त्याच जागी हा माणूस एकशेदहा वादकांना घेऊन उभा होता. असे काम हौसेने होत नाही. त्याला दोन्हीकडचे शिक्षण पक्के लागते, आणि अँथनींनी व्हायोलिन शिकवता शिकवता हेच शिक्षण आपल्या शिष्यांपर्यंत पोचवले.

१९६५ साली ते सिराक्यूज विद्यापीठाच्या अनुदानावर अमेरिकेला गेले. परतल्यावर सिनेमाच्या कामापासून दूर राहून ते माजोर्ड्यातच राहिले. गाणे गाजले तेव्हा पात्र देशभर पोचले, माणूस मात्र आपल्या गावात शांत राहत होता. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

बाजा आपल्याकडे

आता माजोर्ड्याहून पांढुर्ण्याला येऊ. गोव्याच्या मेस्त्राला चर्च होते, शाळा होती, कागद होता. आपल्या बाजेवाल्याकडे काय होते?

आपल्या भागात पितळी बाजा येण्यापूर्वी लग्नात सनई, डफडे, ढोल वाजत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात मांग समाज गावचे वाजंत्री म्हणून नोंदला आहे. वाजवणे हे त्या काळी मानाचे काम मानले जात नव्हते. लग्नात त्यांच्यावाचून अडायचे, पण जेवायला त्यांची पंगत वेगळी बसायची. ही गोष्ट लपवून बाजाचा इतिहास लिहिता येत नाही. बाजेवाल्यांची नावे कागदावर का आली नाहीत, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

पितळी बाजा आला तो लष्कराच्या वाटेने. इंग्रजांच्या छावण्यांत रेजिमेंटचे बँड होते, संस्थानिकांनी त्यांच्यासारखे स्वतःचे बँड ठेवले, आणि त्यांतून बाहेर पडलेली माणसे आणि वाद्ये लग्नांच्या धंद्यात आली. आपल्याला सर्वांत जवळची मोठी छावणी कामठीची, ती १८२१ ची. नागपूरला जायला पांढुर्ण्याला इटारसी-नागपूर मोठी लाईन, सौंसरला तेव्हा छिंदवाडा-नागपूर छोटी लाईन होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, पण लग्नाचा बस्ता असो की बाजा, पाय नागपूरकडेच वळत राहिले.

वाद्ये बनतात ती मेरठच्या जली कोठी भागात. पितळी वाद्यांचा हा देशातला मोठा बाजार. नादिर अली यांची तिथली जुनी कंपनी १८८५ सालची. बँडवाल्यांच्या हातातले ट्रम्पेट पाहायला मिळाले तर त्यावर कोरलेले नाव जरूर वाचा. मेरठचे निघण्याची शक्यता मोठी.

कागदाशिवाय गाणे बँडवर कसे चढते

मुंबईत अरेंजरने पन्नास कागद लिहून जे गाणे बांधले, ते आपल्याकडे दहा-बारा जणांत आणि कागदाशिवाय उभे राहते. ही कसरत जवळून पाहिली की बँडमास्तरबद्दलचा आदर वाढतो.

गाणे आधी कानाने घेतात. पूर्वी तबकडी किंवा कॅसेट, आता मोबाइल. मास्तर चाल सरगममध्ये बांधून घेतो, काही जण ती वहीत देवनागरीत उतरवतात. मग वाटणी. मी ऐकलेल्या बँडांत मुख्य ओळ ट्रम्पेटवर आणि क्लॅरिनेटवर असते. युफोनियम खालून उत्तर देते. साइड ड्रम, मोठा ढोल आणि झांज ताल धरतात. सिनेमात जिथे व्हायोलिनांचा ताफा आहे तिथे क्लॅरिनेट येते. अमिताभ जिथे इंग्रजी बोलतो तिथे ड्रमवाल्याला मोकळीक मिळते आणि तेवढ्यात फुंकणाऱ्यांचा दम परत येतो.

यातली तांत्रिक बाब वाचकांना आवडेल. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही दोन्ही वाद्ये ‘बी फ्लॅट’ची. म्हणजे वाजवणारा ज्याला आपला ‘सी’ समजून सा धरतो तो पेटीवर पाहिला तर काळी पाच निघतो. युफोनियमची बोटेही ट्रम्पेटसारखीच चालतात, म्हणून ट्रम्पेटवाला पोऱ्या अडीनडीला युफोनियमही सांभाळतो. पण अल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. ट्रम्पेटने सा धरला की सॅक्सोफोनवाल्याला आपल्या वाद्यावरचा प धरावा लागतो, तेव्हा दोघांचा सूर एक होतो. कागद असता तर लिहिणाऱ्याने हा हिशेब आधीच करून दिला असता. इथे तो मास्तर डोक्यात करतो आणि बोटे दाखवून सांगतो.

दुसरी अडचण वाद्याच्या घडणीची. ट्रम्पेटला कळा तीन. मधली कळ सूर अर्ध्याने उतरवते, पहिली एका पूर्ण स्वराने, तिसरी दीडाने. बाकीचे सगळे ओठांच्या ताणाने. कळांच्या वाद्यावर मींड काढणे कठीण, स्वर पायऱ्यांसारखे तुटक येतात. क्लॅरिनेटवर बोट हळूहळू सरकवून आणि ओठ सैल करून स्वर घसरवता येतो. म्हणून लताबाईंचे हळवे गाणे आले की मास्तर ते क्लॅरिनेटला देतो. अँथनीचे गाणे हे उलट, ठसक्याचे, तुटक शब्दांचे. ते ट्रम्पेटला सहज बसते. ते इतकी वर्षे टिकले त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. ट्रम्पेटवाल्याच्या मुलाने केलेले गाणे ट्रम्पेटवरच खुलते.

मैहरचा धागा

गोव्याचा मास्तर आणि मध्य प्रदेशातला बँड यांची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नाही. आपल्या राज्यातला सर्वांत प्रसिद्ध वाद्यवृंद म्हणजे मैहर बँड. तो उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमाराला, इन्फ्लुएंझाच्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना हाताशी धरून उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ हे वाद्यही केले. हेच खाँसाहेब तरुणपणी कलकत्त्यात व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या गोंयकार बँडमास्तरांकडे. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्या गुरूंच्या शिक्षणात एक गोव्याचा बँडमास्तर आहे. लोबोंचे नाव राहिले ते अल्लाउद्दीन खाँ पुढे मोठे झाले आणि त्यांनी ते सांगितले म्हणून. मैहर आणि पांढुर्णा हे दोन्ही जिल्हे ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदमच झाले. नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहायला बसलो तर मैहरकडे बाबांच्या बँडचे सोनेरी पान तयार आहे. आपल्याकडे गोटमार, जामसावळीचा मारुती आणि संत्री यांच्यावर भरपूर लिहिले जाते. बाजेवाल्यांवर जवळपास काहीच नाही.

नाव कोण राखतो

लोबो आणि गोन्साल्विस, दोघांच्या गोष्टीत सारखी गोष्ट एकच आहे. शिक्षकाचे नाव शिक्षकाच्या कामामुळे आपोआप टिकले नाही. १९५८ च्या मैफलीला एकशेदहा वादक होते, लता मंगेशकर होत्या, तरी त्या मैफलीने अँथनींचे नाव घरोघरी नेले नाही. नेले ते एका शिष्याने, आणि तेही विनोदी गाण्यात घालून. शिष्याच्या हातात साधन होते आणि आठवण ठेवण्याची बुद्धी होती, म्हणून ते जमले.

आपल्या दोन तालुक्यांत ज्यांनी पोरांना ट्रम्पेट फुंकायला शिकवले, ओठ फाटेपर्यंत रियाज करून घेतला, काळी पाच आणि काळी दोनचा हिशेब तोंडपाठ केला, त्यांचा कोणी शिष्य मुंबईला संगीतकार झाला नाही. त्यांचे नाव सिनेमात येणार नाही. आता डीजे आल्यापासून वरातीतला बँड कमी होत चालला आहे. पोरगा बापाचे ट्रम्पेट हातात घेत नाही, आणि पितळ मोडीत जाते. वाद्य मोडीत गेले तर मेरठहून दुसरे आणता येते. मास्तरची वही रद्दीत गेली की गेली.

म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांना आणि वाचकांना एक काम सुचवतो. येत्या हंगामात आपापल्या गावातल्या, मग ते पांढुर्णा असो, सौंसर असो, लोधीखेडा, मोहगाव की पिपळा असो, एका तरी जुन्या बाजेवाल्याशी बसून बोला. फार मोठी प्रश्नावली नको. वाजवायला कधी लागलात, पहिले वाद्य कोणते, कुठून आणले, कितीला आणले. एका वरातीचे तेव्हा किती मिळत, वाटणी कशी होई. कोणती गाणी बसवली, सर्वांत कठीण कोणते गेले. वही असेल तर तिच्या पानांचे फोटो त्यांच्या परवानगीने काढा, वही त्यांच्यापाशीच राहू द्या. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये वरातीचे फोटो असतात. त्यांत नवरदेवाच्या नातेवाइकांची नावे घरच्यांना पाठ असतात, पुढे उभ्या असलेल्या बँडवाल्यांची विचारा. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

बोलताना ‘बँड कुणाचा?’ असे आपण सहज विचारतो, आणि उत्तरात मालकाचे नाव येते. त्यापुढे एक प्रश्न आणखी विचारा : ‘तुम्ही कुणाकडे शिकलात?’ जे नाव येईल ते पूर्ण लिहा, गावासकट.